साध्या पाण्यातल्या जड पाण्याचा बागुलबुवा करून बाटल्या विकणं बंद व्हायला हवं

इंदिरानगरकर
आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये परवा एका पाणी विकणाऱ्याने प्रात्यक्षिक केलं. म्हणे नळाच्या पाण्यात जड पाणी असतं, ते अंगात साठतं, त्यातून कॅन्सर होतो, म्हणून आमचं ‘हलकं’ पाणी घ्या. दोन ग्लासांत सळ्या सोडून वीज दिली. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर फेस आला, खाली गाळ बसला. त्याचं पाणी मात्र स्वच्छ. “हेच तुमच्या पोटात जातं,” म्हणाला. लगेच नावं नोंदवली गेली, त्यात पेन्शनवर भागवणाऱ्या दोन आजी होत्या. मला संताप आलाय तो याचा.

तो गाळ लोखंडी सळी झिजून आलेला असतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते. क्षार काढलेल्या पाण्यातून ती जवळजवळ वाहत नाही, म्हणून ते नितळ राहतं. जड पाण्याशी याचा काडीचाही संबंध नाही. जड पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे दुप्पट वजनाचा हायड्रोजन असतो. निसर्गात साधारण ६४०० हायड्रोजनमागे तो एक सापडतो. नाशिकला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणात आहे, आईच्या दुधातही आहे. मोठ्या माणसाच्या अंगात ४० लिटर पाणी धरलं, तर त्यातलं ड्युटेरियम सातेक ग्रॅम जड पाण्याइतकं भरतं. आणि ते साठत बसत नाही. जेवढं येतं तेवढं घामा-लघवीवाटे जातं.

पंचवटीची ताई
दादा, सळ्यांचा खेळ खोटा असेल, पण निसर्गात आहे म्हणजे निर्धोक हे मला मान्य नाही. आर्सेनिकही काही ठिकाणी जमिनीतूनच विहिरीत उतरतं. ड्युटेरियम कमी केलेल्या, म्हणजे या ‘हलक्या’ पाण्यात कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावते, असं हंगेरीतल्या संशोधकांनी १९९३ मध्येच छापलंय. माझ्या बहिणीची केमो चालू आहे. तिला या पाण्याने उभारी वाटत असेल, तर तिच्या हातून ग्लास काढून घेणारे आपण कोण?

नाशिकरोड, रसायनशास्त्र
ताई, ग्लास कोणी काढून घेऊ नये. केमो मात्र चालूच राहू दे, आणि हे पाणी घेताय ते तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. १९९३ चं काम पेशींवर आणि उंदरांवर होतं. माणसांत औषध म्हणून ते अजून सिद्ध झालेलं नाही.

जड पाण्याने अपाय होतोच, पण कधी? उंदीर, कुत्रे अशा प्राण्यांच्या अंगातलं सुमारे २५ टक्के पाणी जड झालं की वंध्यत्व येतं, आणि ५० टक्क्यांच्या आसपास गेलं की जनावर दगावतं. ड्युटेरियमचे बंध जास्त घट्ट असल्याने पेशीतल्या क्रिया मंदावतात. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारे धागे नीट बनत नाहीत, विभाजन अडतं. म्हणून जिथे पेशी सतत नव्या होतात, ती हाडांतली मज्जा आणि आतड्याचं अस्तर आधी कोलमडतं. माणसाला २५ टक्के गाठायला दहा लिटर जड पाणी अंगात मुरवावं लागेल, म्हणजे बरेच दिवस दुसरं काही न पिता तेच प्यायचं.

थोड्या प्रमाणात एक परिणाम जाणवू शकतो. शे-दोनशे मिलिलिटर घेतलं तर आडवं झाल्यावर गरगरतं. आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या पडद्याचं वजन भोवतीच्या द्रवाच्या तुलनेत बदलतं, म्हणून. चव किंचित गोड लागते. जिभेवरचा गोडाचा ग्राहकच त्याने जागा होतो, हे २०२१ मध्ये दाखवलं गेलं. शरीर किती ऊर्जा खर्च करतं हे मोजायला तर काही ग्रॅम जड पाणी गरोदर बायांना आणि तान्ह्या बाळांनाही देतात.

सिडको, पूर्वी थळला
सर, तुमचं वाचून उद्या कुणी “जड पाणी म्हणजे काहीच नाही” म्हणेल, म्हणून माझा विरोध नोंदवतो. अलिबागजवळ थळच्या कारखान्यातून निघतं ते ताजं जड पाणी किरणोत्सारी नसतं, हे खरं. पण अणुभट्टीत फिरून आलेल्या जड पाण्यात ट्रिटियम, म्हणजे तिप्पट वजनाचा हायड्रोजन, तयार झालेलं असतं, आणि ते किरणोत्सारी आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये कर्नाटकातल्या कैगाच्या अणुवीज केंद्रात ते पिण्याच्या कूलरमध्ये मिसळलं गेलं आणि पन्नासच्या वर कामगारांच्या लघवीत ट्रिटियम सापडलं. घोटभर की बादलीभर एवढंच विचारून भागत नाही, ते आलं कुठून हेही विचारलं पाहिजे.

इंदिरानगरकर
काका, बरोबर आहे. पण भट्टीतलं पाणी आणि धरणातलं पाणी यांची सरमिसळ करूनच तर हे लोक घाबरवतात.

पंचवटीची ताई
मला अजूनही वाटतं की कमी ड्युटेरियमवर माणसांत नीट संशोधन व्हावं, थट्टा नको. पण एक मान्य. विकणाऱ्याने बाटलीवर ड्युटेरियमचं प्रमाण छापावं. साध्या पाण्यात ते १५० पीपीएमच्या (दहा लाखांत १५०) आसपास असतं, मग यांच्यात किती?

नाशिकरोड, रसायनशास्त्र
आणि ते मोजलं कुठे, कुठल्या यंत्रावर, हेही. पाण्यातले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर किंवा सळ्यांनी ते कळत नाही, वजनावरून अणू-रेणू ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर किंवा लेझरचं यंत्र लागतं.

इंदिरानगरकर
रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. विकणाऱ्याकडून त्या मोजणीचा अहवाल मी लेखी मागतोय. येईपर्यंत दोन्ही आजींचे पैसे परत करा, असंही पत्रात घातलंय.