चर्चा: सड्यांना 'पडीक' धरणाऱ्या मॉडेलवर कोल्हापूरचं नियोजन करायचं का?

माळावरची (धागा मांडणारी)
आपल्या पश्चिम तालुक्यांत २०५० पर्यंत जमिनीचा वापर कसा बदलेल, याचा संगणकी मॉडेलनं काढलेला अंदाज परवा एका सादरीकरणात पाहिला. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरीचे सगळे सडे, म्हणजे जांभ्या खडकाची उघडी पठारं, नकाशात राखाडी: 'पडीक, खडकाळ'. त्यावर काजू-आंबा लागला की रंग हिरवा, आणि ती म्हणे सुधारणा. माझा याला ठाम विरोध आहे.

उपग्रहाची स्वच्छ चित्रं मिळतात पाऊस गेल्यावर. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावरचे ढग हटत नाहीत, आणि सडा जगतो तो नेमका त्याच महिन्यांत. ऑगस्टमध्ये मसाई पठारावर उकिडवं बसून बघा. दोन बोटं पाण्यात सीतेची आसवं उभी असतात, जांभळी, नखाएवढी, बुडाशी बारीक पिशव्यांत किडे धरून जगणारी. कडेनं गेंदाचे पांढरे गोंडे. अशा सड्यांवर सुट्या जांभ्या दगडाखाली बेडूक, पाली, कधी देवगांडूळही (बिनपायाचा, गांडुळासारखा दिसणारा उभयचर) सापडतं. मार्चच्या चित्रात यातलं काहीच नसतं, आणि मॉडेल शिकतं मार्चच्या चित्रावर. जेसीबीनं दगड उपसून, बाहेरून माती आणून बाग केली की हे सगळं जातं. नकाशा मात्र हिरवा होतो.

आजरेकर
ताई, फुलं छान हाईत, पण सडा कुणाचा? आमच्या सातबाऱ्यावर हाय. वरी-नाचणीवर घर चालत नव्हतं, काजूनं पोरांची शिक्षणं झाली. २०१४ पासनं पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदेच निघायलेत, सहावा ३१ जुलै २०२४ चा. दरवेळी नकाशावर रंग आधी आणि आमाला कळतं मागनं. आनि खाली शिरोळात उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या, तिकडं का न्हाई मॉडेल लावत? डोंगरातल्या माणसानंच निसर्ग सांभाळायचा व्हय?

चौकोनवाला
याच क्षेत्रात काम करतो म्हणून लिहितोय. मॉडेल टाकून देऊ नका, ते नीट वाचा. असे अंदाज काढणारी मार्कोव्ह साखळीची मॉडेलं दोन जुने नकाशे घेतात, कुठल्या वर्गातली किती जमीन कुठल्या वर्गात गेली ते बघतात आणि तोच वेग पुढं चालवतात. मग उतार, रस्त्यापासूनचं अंतर, नकाशातले शेजारचे चौकोन (पिक्सेल) बघून तो बदल जागोजागी वाटला जातो. उद्या नवा घाटरस्ता झाला, काजूचा भाव पडला, तर जुना वेग कामाचा राहत नाही.

मॉडेल '९० टक्के अचूक' आहे असं कुणी सांगितलं तर अजिबात भुलू नका. दहा वर्षांत ५ टक्केच जमीन बदलली असेल, तर 'काहीच बदलणार नाही' म्हणणारासुद्धा ९५ टक्के बरोबर येतो. बदललेल्या जागा किती ओळखल्या, ते विचारा.

पण माळावरची, तुम्ही सांगता तो दोष मॉडेलचा नाही, नकाशात जमिनीचे वर्ग पाडणाऱ्याचा आहे. सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगाआडूनही बघतं, सड्यावर साचलेलं पाणी त्यात टिपता येतं. 'हंगामी पाणथळ सडा' असा वेगळा वर्ग करा. मॉडेलच नको म्हटलं तर सडा खोदायला येणाऱ्या बॉक्साइटच्या खाणीपुढं तुमच्या हातात काय उरतं?

चिखलीकर
आमाला तर मॉडेल पाहिजेच. २०१९ आणि २०२१, दोनदा घर पाण्यात. पूररेषेत मुरमाचा भराव पडतो, नकाशात त्याची नोंद 'शेती ते बांधकाम' एवढीच. त्या भरावानं तटलेलं पाणी कुणाच्या दारात जातं, ते कोण दाखवणार? सड्याचं बघा, पण नदीकाठ सोडू नका.

माळावरची
@चौकोनवाला, वेगळा वर्ग हवाच, पण तेवढ्यानं भागत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टर किंवा जास्त जमिनीवर १० टक्के झाडोरा असला की ते वनाच्छादन. मालकी, झाडाची जात बघत नाहीत. म्हणजे दाजीपूरचं गव्यांचं रान आणि काजूची बाग दोन्ही त्यात बसतात. किती जमीन बदलली हे मॉडेल सांगेल. तिथं कोण जगत होतं, हे पावसात रेनकोट घालून सड्यावर गेल्याशिवाय कळणार नाही. ती नोंद आधी, २०५० चा अंदाज नंतर.

@आजरेकर, दादा, लागलेली बाग तोडा असं मी म्हणत नाही. उरलेला सडा फोडायला अनुदान देऊ नका, एवढंच म्हणतेय. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं आणि पायथ्याला झऱ्यानं बाहेर येतं, ते तुमच्याच वाडीत. शिरोळचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, त्या जमिनीही याच नकाशात यायला हव्यात.

आजरेकर
झऱ्याचं पटतं, आमचा झरा आता शिमग्यालाच आटतो. पण फुलं मोजून झाल्यावर उरलेल्या सड्यावर बंदी कोण घालणार, आनि तिथं काजू लावला न्हाई त्याचे पैसे दरसाल कोण देणार? हे ग्रामसभेत लिहून द्या. तवर माझा विरोधच धरा.