अनुभव धागा : पाटी एक, मालक अनेक

फ्रँचायझी चालवणारे, तिथे नोकरी केलेले, हेड ऑफिसातून तपासणीला फिरणारे, ठाणे-नवी मुंबईतले सगळे लिहा. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, १८७२ च्या करार कायद्यावर आणि ट्रेडमार्कवर भागवतो. पाटीचा रंग, प्लेटचं वजन करारात बसतं. पण पगार मालकाचा आणि टी-शर्ट कंपनीचा, अशा पोराला ही कंपनी आपली कशी वाटावी? ब्रँडची नावं नकोत.

घोडबंदर रोड, चहा-नाश्ता
रॉयल्टी, म्हणजे ब्रँडला द्यायचा वाटा, विक्रीवर असते, नफ्यावर नाही. खरी मेख तिथे. आधीच्या ब्रँडने 'एकावर एक फ्री' काढलं. विक्री वाढली, त्यांची रॉयल्टी वाढली. दूध, गॅस, पार्सलचे डबे माझ्या खिशातून. त्याच महिन्यात 'हसतमुख सेवा'चं लॅमिनेट केलेलं पोस्टर आलं. पोरांनी ते कढईमागे लावलं, तेल उडू नये म्हणून! आताचे लोक ऑफरआधी विचारतात, निम्मा भार उचलतात. तपासणीला येणारा आधी एप्रन बांधून काउंटरमागे उभा राहतो, फॉर्म नंतर भरतो.

नेरूळ, पूर्वी शिफ्ट इन्चार्ज
मॅन्युअलमध्ये छापलेलं : ऑर्डर चुकली तर वाद न घालता बदलून द्या. मालक मात्र बदललेल्या प्लेटचे पैसे पोरांच्या पगारातून कापायचा. मग कोण बदलून देणार? 'तुम्ही हेच सांगितलं होतं' यावर पोरं अडून बसायची, एक स्टार पडायचा ब्रँडला. शेवटी ऑफिसने बिलिंगमध्ये 'वाया' असा वेगळा रकाना दिला, आणि ठरावीक रकमेपर्यंत इन्चार्जने कुणाला न विचारता प्लेट बदलायची मुभा. कापाकापी बंद, भांडणंही बंद. एवढ्यासाठी आमची तीन ट्रेनिंगं झाली होती.

नौपाडा, प्ले-ग्रुप
आमच्याकडे ट्रेनिंग फक्त टीचरना. टीचर वर्षा-दोन वर्षांत बदलतात, मावशी टिकतात. आता मावशींनाही बसवतो.

महापे, हेड ऑफिस
जागा आणि चेक घेऊन येणारे पुष्कळ. आम्ही त्यांना आधी चालू आउटलेटवर उभं करतो. 'लादी पुसायला माझी माणसं पाठवतो' म्हणाला की चेक परत. मॅकडोनाल्ड्सच्या ट्रेनिंग सेंटरचं, हॅम्बर्गर युनिव्हर्सिटीचं उदाहरण प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतं, १९६१ साली इलिनॉयमध्ये सुरू झाली वगैरे. पण तिथे मॅनेजरांबरोबर फ्रँचायझी घेणारेही शिकायला बसतात, हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे मालक उद्घाटनाला येतो आणि ट्रेनिंगला मेव्हण्याला पाठवतो.

कोपरखैरणे, बेकरी
एकसारखेपणाचंही वेड नको. आमची मुलगी रोजच्या आजींना 'या आजी, गुडघा कसा आहे?' म्हणाली. गुप्त तपासणीत मार्क कापले, ठरलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं नाही म्हणून. मी ऑफिसला कळवलं, मार्क कापा, ती असंच बोलणार. आजी अजून येतात.

महापे, हेड ऑफिस
नेरूळवाले, 'वाया'च्या रकान्यात पोरं स्वतःचा नाश्ता दाखवत नव्हती?

नेरूळ
दाखवायची ना! मग मालकाला सांगून स्टाफचं जेवण सुरू केलं.