चर्चेचा विषय : वर्गात न शिकवलेल्या पेपरची कॉपी पकडण्याचा अधिकार कोणाला?

खडू-फळा (यवतमाळ जिल्हा)

मी भाषा विषयाचा शिक्षक आहे. दहावीच्या परीक्षेत भूमितीच्या पेपरला पर्यवेक्षक असताना एका मुलाच्या कंपासपेटीत घड्या घातलेली मायक्रो झेरॉक्स सापडली. मी ती केंद्रसंचालकांकडे नेली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, जबाब लिहायचाच आहे का नक्की?" मी लिहिला. मुलगा दुसऱ्या शाळेत शिकत असला तरी माझ्याच गावचा आहे, हे मला त्याचे प्रवेशपत्र पाहताना कळले. त्या संध्याकाळी त्याचे वडील घरी आले. ते रागावले नव्हते, आणि रागावले असते तर मला सोपे गेले असते. ओसरीत बसून त्यांनी एवढेच म्हटले, "गुरुजी, वर्षभर गणिताले मास्तर नव्हता, तवा कोनी कोनाले पकडलं नाही. पोराच्या पेटीत कागद सापडला तं लगेच पकडलं."

त्यांचे म्हणणे खरे आहे. त्या शाळेतले गणिताचे पद रिक्त असून शारीरिक शिक्षणाचे सर जमेल तसे बीजगणित घेत होते आणि भूमितीचे पुस्तक बहुधा उघडलेही गेले नव्हते. तरीही मला जबाब लिहिल्याचा पश्चात्ताप होत नाही, आणि तो होत नाही याचीच मला काळजी वाटते. जाणकारांनी मत मांडावे.

माजी केंद्रसंचालक (बुलढाणा जिल्हा)

पश्चात्ताप होण्याचे काही कारण नाही. परीक्षेतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा आपल्या राज्याचा अधिनियम 1982 सालचा आहे; म्हणजे आज केंद्रावर काम करणारे निम्मे शिक्षक त्यानंतर जन्मले आहेत, तरीही तो नवा जाच असल्यासारखे आपण वागतो. शाळेत शिक्षक नसणे हा अन्याय आहे, परंतु त्याची दाद शिक्षणाधिकाऱ्यांकडे मागायची असते, उत्तरपत्रिकेत नव्हे. शेजारच्या बाकावर तेवढ्याच अडचणीत शिकलेली आणि कागद न आणलेली मुलगी बसली होती की नाही, हे आपण लिहिलेले नाही. ती नक्कीच बसली असणार, आणि तिच्या वतीने कोणाचे वडील आपल्या ओसरीत आले नाहीत.

आमच्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, मार्च 2023 मध्ये बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने मोबाईलवर फिरली आणि अटक झालेल्यांत शिक्षक होते. केंद्रावरच्या लहानसहान सवलती कुठवर जातात, हे त्या दिवसांत आम्ही जवळून पाहिले. खिडकी उघडी ठेवणे, भरारी पथक येताच रनरने (प्रश्नपत्रिका केंद्रावर आणून पोहोचवणाऱ्याने) शिट्टी वाजवणे, एका गुणाच्या प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहून पुसणे, या सगळ्याला आपण 'पोरांचे भले' म्हणत आलो आहोत.

पांदण (वाशीम जिल्हा)

मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला विद्यार्थी होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शिक्षक मंडळी ज्याला सरसकट 'कॉपी' म्हणतात त्यात आम्ही मुले बारीक भेद करीत असू. चिठ्ठी नेणे हे धाडस होते, त्यात थोडी लाजही होती. मागच्याला उत्तर दाखवणे मात्र आमच्या दृष्टीने गैर नव्हतेच. उलट पेपर झाकून लिहिणाऱ्या मुलाशी पुढे महिनाभर कोणी बोलत नसे. ज्याच्याबरोबर दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचला आणि एकाच सायकलवर डबलसीट शाळेत गेलो, त्याला रिकाम्या जागा भरायला मदत न करणे हीच आम्हाला बेइमानी वाटे. हे समर्थन नव्हे, पण मुलांच्या मनात काय असते ते ठाऊक नसताना केलेला उपदेश वाया जातो.

शिक्षकांविषयीही आमचे मत ठरलेले होते. कडक सरांची भीती वाटे, पण आदरही वाटे. जे सर स्वतः गाईडची पाने फाडून देत, त्यांना आम्ही पेपरच्या दिवसांत देव मानायचो आणि जूननंतर त्यांची टिंगल करायचो.

मला दहावीला गणितात 71 गुण मिळाले. त्यातले माझे किती, हे तंत्रनिकेतनात पहिल्याच सत्रात त्रिकोणमिती आली तेव्हा कळले. मी तीन प्रयत्नांत तो विषय सोडवला. माझ्यासोबत गावातून गेलेले दोघे परत येऊन एक किराणा दुकान आणि एक मळणीयंत्र चालवतात. म्हणून खडू-फळा सरांच्या त्या मुलाबद्दल मला सहानुभूती असली तरी त्याच्या वडिलांचा युक्तिवाद पटत नाही. कागद सापडला नसता, तर गणिताला मास्तर नव्हता ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली असती?

शिक्षिका, विनाअनुदानित (अमरावती जिल्हा)

माजी केंद्रसंचालक सरांच्या लिखाणात शिक्षकाच्या पोटाचा विचार कुठेच दिसला नाही. निकाल खाली आला की कारणे दाखवा नोटीस येते, निकालाची जाहिरात बसस्थानकावर लागली नाही की पुढच्या वर्षी आठवीची मुले शेजारच्या गावी जातात, पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, पद जाते आणि आमच्यापैकी कोणीतरी अतिरिक्त ठरतो. शहरातल्या क्लासला जाणारी आणि हजेरीपटावर केवळ नावापुरती असलेली मुले आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेतात, कारण इथले केंद्र 'सोपे' आहे अशी ख्याती आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरणारे, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणारेही, नेमके अशीच केंद्रे शोधत येतात. या ख्यातीवर संस्था चालतात, आणि संस्थाचालकांचा शब्द मोडणारा पर्यवेक्षक दुसऱ्या वर्षी त्या शाळेत नसतो.

दुसरे असे की चिठ्ठीवर एवढा गहजब करणारे आपण सगळे अंतर्गत गुणांवर गप्प का बसतो? दहावीला 80 गुण लेखी आणि 20 गुण शाळेच्या हाती, उत्तीर्ण व्हायला दोन्ही मिळून 35. शाळेने 18 दिले की मुलाला लेखीत अवघे 17 पुरतात. ते 18 आम्ही तोंडी परीक्षा न घेता, स्टाफरूममध्ये चहा पिता पिता भरतो. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे अंतर्गत गुण काढले त्या 2019 साली राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला आणि ते परत दिल्यावर 2020 साली 95.30 झाला. चिठ्ठीतून गेलेल्या गुणांपेक्षा आमच्या पेनातून गेलेले गुण अधिक आहेत.

माजी केंद्रसंचालक (बुलढाणा जिल्हा)

मॅडम, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. 2019 साली दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही बदलले होते. 2020 साली टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरीने गुण दिले गेले. सगळी घसरण तोंडी परीक्षेच्या माथी मारता येणार नाही. मात्र तोंडी परीक्षा न घेता गुण भरले जातात हे मी नाकारत नाही, कारण मीही ते भरले आहेत.

पोटाच्या प्रश्नावर मात्र मी ठाम आहे. 2019-20 च्या शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार उघड झाल्यावर सात हजार आठशेंच्या आसपास उमेदवारांवर कारवाई झाली. ज्यांना उद्या वर्गात उभे राहून पर्यवेक्षण करायचे होते, त्यांचीच ही परीक्षा. 'नोकरीसाठी करावे लागले' हे कारण तिथेही दिले गेले असणारच. मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक कुठे मानायचा?

शिक्षिका, विनाअनुदानित (अमरावती जिल्हा)

फरक पैशांचा आहे, सर. तिथे लोकांनी ते मोजले. मला सात वर्षांत केंद्रावरच्या सवलतींतून काही मिळणे सोडाच, पगाराचीही पूर्ण रक्कम हातात पडलेली नाही.

धानपट्टी (गोंदिया जिल्हा)

दोन्ही बाजूंनी शिक्षकच भांडत आहेत. आमच्याकडे परीक्षा संपता संपता मोहफुले वेचायचा हंगाम लागतो आणि आश्रमशाळेतली अर्धी मुले पहाटे रानात जाऊन मग केंद्रावर येतात. अशा मुलाला पकडणे सोपे असते, कारण त्याला कागद लपवताही येत नाही. ज्याच्या काकांची केंद्रावर ओळख असते, तो कधी सापडत नाही. कडक परीक्षेला माझा विरोध नाही, पण पकडला जाणारा नेहमी एकाच घरचा का असतो, याचे उत्तर आधी द्यावे.

खडू-फळा (यवतमाळ जिल्हा)

धानपट्टी यांचा प्रश्न मला लागला. त्या दिवशी त्याच खोलीत केंद्रावरच्या एका शिक्षकाचा पुतण्या होता. त्याची कंपासपेटी मी उघडून पाहिली नव्हती. का पाहिली नाही, याचे मला पटेल असे उत्तर माझ्याजवळ नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीबद्दल विचारले गेले, तर होय, ती बसली होती, आणि तिने दोन तासांत पाऊण पान लिहिले.

पांदण यांनी वडिलांविषयी जे विचारले ते मी परवा त्यांनाच विचारले. पालकसभेत ते बोलले होते, असे त्यांनी सांगितले. सभेच्या नोंदवहीत तसा ठराव मला सापडला. त्याखाली मुख्याध्यापकांची सही असून पुढे काहीही नाही. त्या ठरावाची प्रत मी काढून घेतली आहे. मुलाची संपादणूक, म्हणजे परीक्षेतले गुण, रद्द करायची की नाही, याची सुनावणी येत्या सोमवारी विभागीय मंडळात अमरावतीला आहे. मला साक्षीला बोलावले आहे. झेरॉक्स सापडली हे मी सांगणारच आहे आणि सोबत ती प्रतही ठेवणार आहे. ती दाखल करून घेतील की परत करतील, ते तिथेच कळेल. आमच्या गावातून सकाळी अमरावतीला जाणारी एसटी एकच आहे, त्यामुळे तो मुलगा, त्याचे वडील आणि मी एकाच गाडीने जाणार आहोत.