शाळेतलं प्रेम चाळिशीत परत भेटलं तर
दोघंही घटस्फोटित, जुनं जुळलंय, आता लगेच लग्न करावं का, असा प्रश्न पडतो. घाई नको. पहिली भेट संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर नकोच, तिथे आठवणीच बोलतात! सकाळी तर्री-पोहे खात बसा अन् आजचं विचारा: कर्ज, मुलं, आईवडिलांची दुखणी. बिघडतं ते इथंच, कारण माणूस मनातल्या 17 वर्षांच्या चेहऱ्याशी बोलत राहतो. मुलांची ओळख उशिराच करून द्या.

कागदाचं म्हणाल तर, हिंदू विवाह कायद्याखाली भांडून मिळालेल्या घटस्फोटानंतर अपिलाचे 90 दिवस जाऊ द्यावे लागतात. विशेष विवाह कायद्याने करायचं तर 30 दिवसांची नोटीस, 3 साक्षीदार, अन् दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात आधीचा 30 दिवसांचा मुक्काम. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची (कोर्टाच्या आदेशाची) प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवा.