गुळाच्या काहिलीवर फॉर्म्युला खोटा पडतोय

चुलवाण:
मी बी.एस्सी. पहिल्या वर्षाला, सांगलीत. घरचं गुऱ्हाळ शिराळ्याकडं. वर्गात उत्कलनबिंदूची वाढ (पाण्यात काही विरघळलं की ते किती अंश जास्त तापल्यावर उकळतं) शिकवून झाली: पाण्यासाठी ०.५१२ गुणिले मोलॅलिटी (किलोभर पाण्यामागं विरघळलेले मोल). म्हटलं, घरात काहील आहे, बघूया. (पहिला थर्मामीटर ११० पर्यंतचाच होता, तडकला. आबांनी त्यावरनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.) दुसरा ३६० चा आणला. गुळव्यानं पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला, गोळी बसली, ‘उतरवा’ म्हणाला, तेव्हा पारा ११८ वर. पाकात ९० टक्के साखर धरली: १०० ग्रॅम पाण्यात ९०० ग्रॅम, भागिले ३४२ (साखरेचं रेणुवजन), म्हणजे किलोमागं मोलॅलिटी २६.३. वाढ आली १३.५. उरलेले साडेचार अंश कुठनं आले?

कृष्णाकाठ:
भावा, हा फॉर्म्युला विरल (अगदी पातळ) द्रावणाचा. सिद्धतेत लॉग गाळलाय. लॉग ठेवून कर, जुळेल.

चुलवाण:
केलं. ११ आलं! आणखी लांब गेलो की.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर:
जाणारच. लॉग गाळला की उत्तर उलट फुगतं. घोळ राऊल्टच्या नियमापाशी आहे (द्रावणात पाण्याच्या रेणूंचा जेवढा वाटा, तेवढ्याच प्रमाणात त्याचा बाष्पदाब). तो साखर न् पाणी एकमेकांशी आपल्यातल्यासारखेच वागतात असं धरून चालतो. सुक्रोजला, म्हणजे आपल्या साखरेला, आठ हायड्रॉक्सिल (OH) गट, ते पाण्याला धरून बसतात. तुझ्याच आकड्यांनी बघ, साखरेच्या एका रेणूमागं पाण्याचे जेमतेम दोन रेणू उरलेत. ते सुटून वाफ व्हायचे कसे? बाष्पदाब नियमापेक्षा खाली जातो, म्हणून जास्त तापवावं लागतं.
शिवाय रस म्हणजे निव्वळ सुक्रोज नव्हे. ग्लुकोज-फ्रुक्टोजचं रेणुवजन १८०, तेवढ्याच वजनात जवळपास दुप्पट रेणू. ९० पैकी १० तसले धरलेस तरी १५ च्या आतच राहशील.
आणि तुमच्याकडं साधं पाणी १०० ला उकळतं हे तुला कुणी सांगितलं? शिराळा काय समुद्रकाठी आहे?

चुलवाण:
सर, त्याच थर्मामीटरनं आज पाणी उकळून बघितलं. ९८! म्हणजे वाढ १८ नव्हं, २० आहे, आणि फॉर्म्युला साडेसहानं कमी पडतोय. आबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘गोळी बसती न्हवं? मग तुझं काय अडलंय?’