घरी गाडी धुताना फोम पंप, साबण आणि आपलं जड पाणी : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, खान्देशात घरीच गाडी धुणाऱ्यांसाठी हा धागा. व्हिडिओत दाखवतात ते गार हवेत आणि गोड्या पाण्यात धुतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षाराचं, आणि रस्त्याची धूळ बारा महिने. त्यामुळे आपले अनुभव आपणच एकमेकांना सांगितलेले बरे.

सुरुवात माझ्यापासून. मी जळगावचा, गाडी गडद निळी. पहिली दोन वर्षं रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसायचो. एकदा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटकडे लक्ष गेलं आणि पोटात खड्डाच पडला. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे! धूळ मी पुसत नव्हतो, रंगावर घासत होतो.

मग २ लिटरचा हाताने हवा भरायचा फोम पंप घेतला. त्यात दीड लिटरच पाणी घालतो, वर हवेला जागा लागते. ३० मिली कार शॅम्पू, वीस-पंचवीस वेळा दट्ट्या मारायचा. आधी साध्या पाण्याने धूळ उतरवायची, मग फेस. चार मिनिटं गाडीला हात लावायचा नाही. दाराच्या खालच्या कडेला बघत राहा : पांढरा फेस हळूहळू चहाच्या रंगाचा होऊन ओघळतो. ती माती फडक्याखाली न येता आपली आपण निघाली, एवढ्यासाठीच फेस. चकाकी वगैरे नंतरची गोष्ट.

भुसावळ
आम्ही दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राजवळ राहतो. गाडीवर राख बसते, बोटाला करकर लागते. धागाकर्ते दादा म्हणतात ते शंभर टक्के खरं, राख कोरडी पुसली की रंग गेलाच म्हणून समजा. मी फेस दोनदा मारतो. पहिला नुसता पाण्याने उतरवायचा, दुसऱ्यावर मायक्रोफायबरचा हातमोजा फिरवायचा, तोही टपापासून खाली. दाराचा खालचा भाग आणि चाकं सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने. बादल्या दोन, एक साबणाची, एक मोजा खळबळायला. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जो गाळ बसतो तो एकदा बघा, परत एका बादलीत काम करणार नाही.

धुळे, देवपूर
माझी अडचण साबणाची नव्हती, पाण्याची होती. बोअरच्या पाण्यात कपड्याचा साबण फेसच धरत नाही, उलट काचेवर पांढरट राप बसतो. कार शॅम्पूला त्या मानाने बरा फेस येतो. पण धुऊन झाल्यावर पाणी अंगावरच वाळलं तर क्षाराचे ठिपके पडतात, माझ्या काळ्या गाडीवर तर देवीचे वण असावेत तसे दिसायचे. पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून सावलीत, गार पत्र्यावर मिनिटभर लावलं आणि भरपूर पाण्याने धुतलं, तेव्हा बरेचसे गेले. जुने ठिपके मात्र राहिले ते राहिलेच.

आता शेवटचा हात एसीच्या नळीतून गळणाऱ्या पाण्याने फिरवते. उन्हाळ्यात रात्रभरात अर्धी बादली सहज भरते आणि त्यात क्षार नसतात. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र यासाठी वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त. मी महिनाभर तीच चूक केली.

पारोळा
भांड्याचा साबण एकदा-दोनदा चालतो, नेहमी नको. गाडीवरचं वॅक्स उतरतं, मग पाण्याचे थेंब गोल राहत नाहीत, पसरतात.

चोपडा
आमच्याकडे कपाशीच्या फवारणीचा १६ लिटरचा पाठीवरचा पंप होता, म्हटलं तोच वापरू. बाबांनी हातातून काढून घेतला. त्यांचं म्हणणं, औषधाचा अंश नळीत राहतो, तो साबणाबरोबर तुझ्या हातावर येणार. त्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप असेल तर तो कपाशीलासुद्धा लावत नाहीत, गाडीला कशाला? शिवाय फवारणीच्या नोझलने फेस होत नाही, नुसतं साबणाचं पाणी उडतं. फेसाच्या नोझलमध्ये जाळी असते, तिथे हवा मिसळते तेव्हा दाट फेस येतो. शेवटी नवा पंप घेतला, त्यावर मार्करने ‘गाडी’ लिहिलं.

एक सांगणं : झाकण उघडण्याआधी वरच्या झडपेतून हवा सोडा. मी घाईत फिरवलं आणि साबणाचं पाणी डोळ्यांत गेलं.

पाचोरा
माझ्याकडे मोटरवालं प्रेशर वॉशर आहे, त्याला फोम गन, म्हणजे शॅम्पूची बाटली जोडलेली फेस मारायची बंदूक. सहा महिन्यांत फेस पातळ झाला. शॅम्पू बदलले, पैसे घातले. शेवटी गन उघडली तर आतली बारीक जाळी क्षाराने बुजलेली. आता काम झालं की बाटलीत साधं पाणी घालून मिनिटभर गन चालवतो. हातपंपवाल्यांनीही हे करा आणि रबरी वायसरला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा.

रावेर
केळीच्या वाहतुकीची पिकअप आहे. चीक वाळला की फाळक्यावर तपकिरी डाग बसतो, फेसाने तो हलत नाही. माल उतरवला की लगेच पाणी मारायचं, एवढाच उपाय. पावसाळ्यात काळ्या मातीचंही तसंच. मडगार्डच्या आत चिकटलेला गोळा फेसाने सुटत नाही, नुसत्या पाण्याने भिजवून मग काढावा लागतो.

अमळनेर
नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे पाईप लावून गाडी धुताना मनाला लागायचं. शेजारच्या आबांनी एकदा कुंपणावरून विचारलंच, “इतलं पानी कसाले वाया घालस रे भाऊ?” त्या दिवशी मोजलं. पाईपने १५ लिटरची बादली मिनिटभरात भरत होती आणि मी वीस मिनिटं पाईप चालू ठेवायचो. आता फोम पंप आणि तीन बादल्यांत काम होतं. फरशीवरचं पाणी बागेत जाऊ देत नाही, त्यात साबण आहे म्हणून. आबांना हे सगळं दाखवलं, तर पुढच्या रविवारी स्वतःची स्कूटर घेऊन आले.

शहादा
वेळ सांभाळा. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातनंतर फेस मारू नका, एका मिनिटात वाळतो आणि ओघळाचे डाग राहतात. मी साडेपाचला सुरू करते, एका वेळी एकच बाजू. धुऊन झाल्यावर गल्लीत एक चक्कर मारून दोन-तीनदा ब्रेक दाबते, ओली डिस्क कोरडी होते.

दसऱ्याला पूजेची हळद बॉनेटवर लागते, ती कुणी कशाने काढता? माझ्या पांढऱ्या गाडीवर मागच्या वर्षीची पिवळी बोटं अजून आहेत.