बापाची दया तुम्ही कुठे पाहिलीत? – नाशिकच्या ख्रिस्ती घरांतले अनुभव

धागा सुरू करणारी, शरणपूर रोड

जय ख्रिस्त मंडळी! पितृदिनाच्या उपासनेत आमच्याकडे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचला. वाटणी घेऊन सगळं उधळून परत आलेला धाकटा आणि त्याच्या मेजवानीला रागाने आत न जाणारा थोरला, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. मला मात्र बापच दिसत राहतो. धाकटा अजून लांब आहे तोच हा धावत सुटतो आणि त्याने वाटेत जुळवून आणलेली माफीही पुरती बोलू देत नाही. त्या काळच्या प्रतिष्ठित म्हाताऱ्याने झगा सावरत लोकांदेखत धावायचं म्हणजे नामुष्कीच. दया आलेला बाप हिशोब मागत थांबत नाही, तो आधी निघतो, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या घरात असं काही घडलं असेल तर लिहा. प्रवचन नको. कॅथलिक, प्रोटेस्टंट, सगळ्यांनी लिहा.

मोठी लेक, इंदिरानगर

मी त्या गोष्टीतला थोरला भाऊ आहे. माझा धाकटा भाऊ दारूत बुडाला होता. त्याच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या खर्चासाठी मी पर्सनल लोन काढलं आणि माझं लग्न पुढे गेलं. तो बरा होऊन आला त्या रविवारी पप्पांनी मटण आणलं, गल्लीतल्या लोकांना बोलावलं, प्रार्थना ठेवली. मी गेले नाही. फोन बंद करून खोलीवर बसले.

संध्याकाळी दारात पप्पा. अंबडच्या कंपनीत आयुष्यभर उभ्याने काम करून गुडघे गेलेले, तरी तीन जिने चढून आले होते. मला वाटलं, आता 'तो तुझा भाऊ आहे' वगैरे ऐकावं लागणार. ते म्हणाले, "तुझं काही चुकत नाही. तू केलंस ते मला माहीत आहे." मग म्हणाले, "मी अजून जेवलो नाही. तुझ्याशिवाय नाही जेवणार."

मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले नाही. पिठलं टाकलं, भाकरी केली, ती आम्ही दोघांनी खाल्ली. घरी पाहुणे होते, तरी ते माझ्याकडे जेवले! थोरला शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला, एवढं मात्र सांगितलं आहे.

जेलरोडकर आई

आमच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, तेव्हा तिचे बाबा तिला खांद्यावर घेऊन गर्दीतून जातात. आधी लोक कळवळून बघायचे आणि ती मान खाली घालायची. आता बाबा तिलाच विचारतात, "कुठल्या रांगेत जायचं, सांग." फिजिओथेरपीचे व्यायाम ते स्वतः शिकले आणि रोज ड्युटीवर जायच्या आधी करून घेतात. मी एवढंच लिहू शकते.

योसेफाचा भक्त, देवळाली कॅम्प

माझ्या बायकोला पहिल्या लग्नाची मुलगी आहे. लग्न ठरलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, दुसऱ्याचं ओझं कशाला? मला संत योसेफ आठवला. वाग्दत्त मरिया लग्नाआधीच गरोदर आहे हे कळल्यावर, तिची बदनामी होऊ नये म्हणून तो गुपचूप बाजूला व्हायला निघाला होता. देवदूताने स्वप्नात सांगितल्यावर त्याने तिला घरी आणलं आणि बाळाला नाव दिलं. शुभवर्तमानात त्याच्या तोंडचं एकही वाक्य नाही. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० पासून वर्षभर योसेफाचं वर्ष पाळायला सांगितलं, त्याच काळात मुलीने मला पहिल्यांदा 'बाबा' म्हटलं. मी तसं कधी सुचवलंही नव्हतं.

सातपूरहून

सगळं वाचलं. मला 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना आजही अडखळायला होतं. आमच्याकडे पट्टा निघायचा आणि वर मुलाला छडी मारायला कचरू नये, हे बायबलच्या नीतिसूत्रांतलं वचन ऐकवलं जायचं. देव बापासारखा आहे, हे माझ्यासाठी आनंदाचं वाक्य नाही.

निवृत्त पाळक, नाशिकरोड

सातपूरच्या दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. छडीचं वचन सांगणारे बायबलमधलंच प्रेषित पौलाचं कलस्सैकरांस पत्र विसरतात. त्यात तो बापांना बजावतो की मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खचतील. रोमन कायद्यात कुटुंबप्रमुखाला मुलांवर जिवंत ठेवण्या-मारण्याचा अधिकार होता. त्या जगात हे बापालाच सुनावणं सोपं नव्हतं. स्तोत्र १०३ मध्येही देव मुलांवर दया करणाऱ्या बापासारखा आहे, असंच म्हटलं आहे. तुमच्या वडिलांचं माप देवाला लावू नका. देवाचं माप त्यांना लावा, आणि त्यात ते कमी पडले हे मोकळेपणाने म्हणा. त्याने बापाचा अनादर होत नाही.

आपल्या शरणपुरात १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये, आफ्रिकेत वारलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शवपेटीबरोबर थेट इंग्लंडपर्यंत गेला. ज्यांचे बाप हिरावले गेले, अशा मुलांना परक्यांनी वाढवलं. बापपण रक्तावरच अडलेलं नसतं.

सातपूरहून

पाळकसाहेब, मला एक जण आठवले. संडे स्कूलचे सर. मला पाठीवर वळ दिसू नयेत म्हणून उन्हाळ्यातही स्वेटर लागायचा. त्यांनी चारचौघांत काही विचारलं नाही. वर्ग सुटल्यावर मला थांबवून घेतलं आणि नंतर घरी येऊन वडिलांशी बोलले. मार लगेच थांबला नाही, पण सर येत राहिले. आता मला मुलगा आहे. आमच्या घरात पट्टा फक्त पँटला लागतो.

मोठी लेक, इंदिरानगर

माझ्या भावाचं पुढे काय झालं, तेही सांगते. तो आता मेनरोडला एका दुकानात कामाला आहे, पिणं बंद आहे. लोनचे शेवटचे हप्ते त्याने भरले. आम्ही अजून फारसं बोलत नाही. पण रविवारी पप्पांकडे दोघंही जेवायला असतो.